उणे १२.२ ईव्ही: मिठाच्या एका रेणूचं चुकलेलं गणित

चाचणी सेकंड पीयूच्या (म्हणजे कर्नाटकातल्या बारावीच्या) भौतिकशास्त्राची, धडा स्थिरविद्युत विभव आणि धारकतेचा, कॉलेज बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. पेपर अर्थातच इंग्रजीत. त्यातला एक प्रश्न मराठीत असा होईल:

सोडिअम क्लोराइडच्या वायुरूप रेणूत सोडिअम आणि क्लोरीन आयनांच्या केंद्रांमधलं अंतर ०.२३६ नॅनोमीटर आहे. (अ) आयनांची स्थितिज ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये (ईव्ही) काढा. (आ) रेणू फोडून दोन उदासीन अणू एकमेकांपासून दूर न्यायला किती ऊर्जा लागेल? सोडिअमची आयनीभवन ऊर्जा ५.१४ ईव्ही, क्लोरीनची इलेक्ट्रॉन आसक्ती ३.६१ ईव्ही.

ज्या उत्तराबद्दल इथे लिहिलंय ते दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका मुलीचं आहे. अक्षर नीटनेटकं, प्रत्येक ओळीला एकक, खाडाखोड एकाच ठिकाणी. ओळी अशा:

सोडिअम आयनाची ऊर्जा = ९ × १०^९ × (१.६ × १०^−१९)² ÷ (०.२३६ × १०^−९) = ९.७६ × १०^−१९ जूल = ६.१ ईव्ही
क्लोरीन आयनाची ऊर्जा = तेवढीच = ६.१ ईव्ही
एकूण = १२.२ ईव्ही
(आ) १२.२ − ५.१४ − ३.६१ = ३.४५ ईव्ही

तिसऱ्या ओळीतल्या १२.२ च्या मागे नंतर दुसऱ्या पेनाने उणे चिन्ह घातलेलं. खाडाखोड म्हणतो ती एवढीच.

बरोबर उत्तरं: (अ) −६.१० ईव्ही, (आ) ४.५७ ईव्ही.

आता गंमत बघा. हा रेणू उदासीन अणूंमध्ये फोडायला लागणारी प्रयोगाने मिळालेली ऊर्जा सुमारे ४.२५ ईव्ही आहे, मोलमागे ४१० किलोजूलच्या आसपास. मुलीचं ३.४५ त्याच्यापासून काही फार लांब नाही. गाईडच्या मागचं कोष्टक उघडून कुणी ताडून पाहिलं असतं तर ‘सोपं मॉडेल आहे, एवढा फरक चालायचाच’ म्हणून पुढे गेलं असतं. एका चुकीने उत्तर दुप्पट फुगलं, दुसरीने ते खाली ओढलं आणि दोघींनी मिळून एक सभ्य दिसणारा आकडा तयार केला. नुसतं अंतिम उत्तर तपासणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ही उत्तरपत्रिका ओळ धरून वाचायची.

आकडेमोड

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही, कारण आकडेमोड बरोबर आहे. नॅनोमीटरचं मीटर करताना या वर्गात हमखास तीन गोष्टी होतात. नॅनोला १०^−१० लावतात (अँगस्ट्रॉमची सवय), मग उत्तर −६१ ईव्ही येतं. घातांक वजा करण्याऐवजी मिळवतात: −२८ मधून −१० गेले की −१८ उरतात, पण लिहितात −३८. आणि तिसरी, जरा फसवी चूक: अंतराचा वर्ग करतात. मग ४.१४ × १०^−९ हा आकडा येतो आणि त्याच्यापुढे ‘जूल’ लिहिलं जातं. तो आकडा खरा आहे, पण तो दोन आयनांमधल्या बलाचा, न्यूटनमध्ये. बलाच्या सूत्रात अंतर दोनदा भागतं, ऊर्जेच्या सूत्रात एकदा.

सीईटीला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा एक आकडा डोक्यात ठेवलेला बरा: १.४४. एकएक इलेक्ट्रॉनएवढे दोन प्रभार असतील तर १.४४ ला नॅनोमीटरमधल्या अंतराने भागा, ऊर्जा थेट ईव्हीमध्ये मिळते. १.४४ ÷ ०.२३६ = ६.१०. नऊ गुणिले दहाचा नववा घातही नको आणि जूलही नको. प्रभार दुप्पट-तिप्पट असतील तर त्यांच्या आकड्यांनी गुणायचं, चिन्हासकट.

चिन्हासकट हे महत्त्वाचं. या उत्तरपत्रिकेत प्रभार लिहितानाच चिन्हं गाळली आहेत आणि शेवटी ‘उत्तर उणे येतं’ हे आठवून उणे चिकटवलंय. ते उणे गणितातून आलेलं नाही, पाठांतरातून आलंय. त्याचा पुरावा (आ) मध्ये आहे: तिथे १२.२ पुन्हा अधिक होऊन बसलंय.

एकच इंग्रजी शब्द, दोन अर्थ

पहिल्या ओळीतली ‘सोडिअम आयनाची ऊर्जा’ ही भाषा कुठून आली? विचारलं तेव्हा मुलीने वही उघडून दाखवली. वहीत आधीच्या तासाचं वाक्य होतं: एखाद्या बिंदूपाशी पोटेन्शियल म्हणजे तिथे एकक प्रभार अनंतापासून आणायला लागणारं कार्य. ‘सर, सोडिअमला पोटेन्शियल आहे, क्लोरीनला पण आहे. मग एनर्जी पण दोघांची धरायला पाहिजे की.’

मराठीत हा घोळ व्हायचं कारण नाही. आपल्याकडे विभव हा एक शब्द आणि स्थितिज ऊर्जा हा दुसरा. विभव हे जागेचं असतं: अमुक बिंदूपाशी अमुक व्होल्ट. स्थितिज ऊर्जा ही मांडणीची असते: हे प्रभार एकमेकांपासून इतक्या अंतरावर आहेत म्हणून इतके जूल. शब्दच वेगळे, त्यामुळे वस्तूही वेगळ्या राहतात. शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमातून आलेली मुलं बसतात, त्यांच्याकडेही तसंच आहे: विभव ते विभवच म्हणतात आणि स्थितिज ऊर्जेला प्रच्छन्न शक्ति, म्हणजे झाकलेली, दडलेली. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे पोटेन्शियल हा एकच शब्द येतो, एकदा सुटा आणि एकदा एनर्जीला चिकटून. दहावीनंतर अचानक इंग्रजीत गेलेल्या मुलाच्या कानावर तो एकाच आवाजात पडतो.

(जाता जाता: मैत्रिणीच्या कन्नड टिपणांवरून मराठीत उतरवताना जपून. तिकडे शक्ति म्हणजे ऊर्जा. आपल्याकडे शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारं कार्य, वॉटमध्ये मोजतात ते. सीमाभागात ही अदलाबदल वह्यांमध्ये बरीच दिसते.)

आता याच प्रश्नात हा घोळ का पकडला जात नाही ते पाहा. सोडिअम आयनामुळे ०.२३६ नॅनोमीटरवर विभव येतं +६.१ व्होल्ट. क्लोरीन आयनाचा प्रभार आहे उणे एक इलेक्ट्रॉनएवढा. गुणाकार केला की ऊर्जा −६.१ ईव्ही. दोन्हीकडे आकडा ६.१ च! प्रभार एकच असल्यामुळे व्होल्टचा आकडा आणि ईव्हीचा आकडा तंतोतंत जुळतो. मुलाने विभव काढून त्यालाच ऊर्जा म्हटलं तरी अंक बरोबर दिसतो, फक्त एकक आणि चिन्ह चुकतं आणि तेवढं घाईत निसटतं. म्हणजे नेहमी विचारला जाणारा हा सोडिअम क्लोराइडचा प्रश्न नेमका हीच चूक झाकतो. आमच्या मते शिकवताना पहिलं उदाहरण हे घेऊच नये. +२ आणि −२ प्रभाराचे आयन घ्या, अंतर ०.२१ नॅनोमीटर ठेवा. पहिल्या आयनामुळे विभव १३.७ व्होल्ट येतं, ऊर्जा −२७.४ ईव्ही. आकडे वेगळे पडले की मुलं स्वतःच विचारतात, की दुप्पट कशामुळे झालं.

दोन आयन, मग ऊर्जा दोनदा का नाही?

हा या प्रकरणाचा गाभा. ‘सूत्रात तसं नाही म्हणून’ हे त्याचं उत्तर नव्हे.

मांडणी रिकाम्या जागेपासून सुरू करा. आसपास काहीच नाही. सोडिअम आयन दुरून आणून फळ्यावर एका ठिपक्यापाशी ठेवला. त्याला ओढणारं किंवा ढकलणारं कुणी नव्हतंच, तेव्हा कार्य शून्य. त्याच्यापुढे ठळक शून्य लिहा. मग क्लोरीन आयन दुरून आणा. त्याला सोडिअम ओढतो, तेव्हा आपल्याला ढकलावं लागत नाही, उलट धरून धरून सोडावा लागतो. आपण केलेलं कार्य −६.१० ईव्ही. बेरीज: ० आणि −६.१०. संपलं.

आता उलट क्रमाने करा. क्लोरीन आधी: शून्य. सोडिअम नंतर: −६.१०. बेरीज पुन्हा −६.१०. मुलीने वहीत जे दोन हिशेब करून बेरीज केली ते हेच दोन क्रम आहेत. एकच गोष्ट दोन बाजूंनी मोजलेली. बेळगावातून निपाणीचं अंतर मोजलं आणि निपाणीतून बेळगावचं मोजलं, म्हणून रस्ता दुप्पट लांब होत नाही.

एवढ्यावर मुलं मान डोलावतात, पण पटलेलं असतंच असं नाही. म्हणून पुढचा प्रश्न लगेच द्यावा: दोन्ही आयन खूप दूर, स्थिर अवस्थेत सोडले. एकमेकांकडे येत येत ०.२३६ नॅनोमीटरवर पोहोचले तेव्हा प्रत्येकाची गतिज ऊर्जा किती? (प्रतिकर्षण सध्या सोडा.) ज्यांच्या डोक्यात ऊर्जा अजून ‘प्रत्येकाची’ आहे ते प्रत्येकी ६.१ लिहितात. खरं तर दोघांत मिळून ६.१० ईव्हीच वाटून घ्यायची आहे आणि वाटणी समान नाही. संवेग दोघांचा सारखा आणि उलट दिशेचा, त्यामुळे हलक्याला जास्त मिळतं. सोडिअम २३, क्लोरीन ३५.५. सोडिअमच्या वाट्याला ६.१० × ३५.५ ÷ ५८.५ म्हणजे ३.७० ईव्ही आणि क्लोरीनच्या वाट्याला २.४० ईव्ही. हे गणित स्वतः केल्यावर ‘सोडिअमची स्थितिज ऊर्जा’ हा शब्दप्रयोग बहुतेकांच्या तोंडून आपोआप जातो, कारण खर्च होईपर्यंत तिची वाटणी झालेलीच नसते.

प्रश्नपत्रिकेचीही चूक आहे, ती सांगायला हवी. प्रश्नात ‘आयनांची’ ऊर्जा विचारली होती. ‘आयनांच्या जोडीची’ असं लिहिलं असतं तर निम्मा घोळ तिथेच टळला असता.

विहीर, कठडा आणि पायरी

(आ) भागातली चूक वेगळ्या जातीची आहे. १२.२ च्या जागी ६.१० घातले तरी तिच्या पद्धतीने ६.१० − ५.१४ − ३.६१ म्हणजे −२.६५ येतं. म्हणजे रेणू फोडताना ऊर्जा मिळेल! तसं असतं तर मिठाचा रेणू बनलाच नसता. १२.२ च्या फुगवट्याने हा मूर्खपणा झाकला गेला होता.

इथे विहीर कामाला येते. बेळगावच्या बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची विहीर डोळ्यांसमोर आणा. खोली आपण कठड्यापासून मोजतो. तळ बारा मीटर खाली, म्हणजे −१२. आता बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. तीच विहीर समुद्रापासून मोजणाऱ्याला तळ +७३८ मीटरवर दिसेल. विहीर तीच, पाणी तेच, दोर तेवढाच लागणार. कठड्यापासून तळाचं अंतर दोघांनाही बाराच मिळतं. बदललं ते फक्त शून्य कुठे धरलं ते.

सूत्रात शून्य कुठे आहे? दोन्ही आयन, आयन म्हणूनच, एकमेकांपासून अनंत दूर असताना. तो कठडा. रेणूचा तळ कठड्याखाली ६.१० ईव्ही.

पण प्रश्नाने कठड्यापर्यंत चढायला सांगितलेलंच नाही. त्याने विचारलं आहे उदासीन अणूंपर्यंत आणि उदासीन अणू कठड्यावर नाहीत, ते आत एका पायरीवर आहेत. किती खाली? दूरदूरच्या दोन उदासीन अणूंपासून दोन आयन करायचे तर सोडिअममधून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ ईव्ही खर्च, तो क्लोरीनला दिल्यावर ३.६१ ईव्ही परत मिळतात. निव्वळ खर्च १.५३ ईव्ही. म्हणजे उदासीन अणूंची पायरी कठड्याच्या १.५३ ईव्ही खाली. तळापासून त्या पायरीपर्यंत चढायचं: ६.१० − १.५३ = ४.५७ ईव्ही.

मुलीने ३.६१ का वजा केले याचं कारण रसायनशास्त्राच्या वहीत सापडलं. तिथे क्लोरीनची इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी −३४९ किलोजूल प्रति मोल अशी लिहिलेली. भौतिकशास्त्राच्या प्रश्नात इलेक्ट्रॉन आसक्ती +३.६१ ईव्ही. दोन्ही एकच गोष्ट सांगतात (ईव्हीचे किलोजूल प्रति मोल करायला ९६.५ ने गुणायचं; ३.६१ चे ३४८ येतात), फक्त चिन्हाची प्रथा उलटी. रसायनवाले अणूच्या बाजूने लिहितात: ऊर्जा गमावली, म्हणून उणे. भौतिकवाले आसक्ती म्हणजे सुटणाऱ्या ऊर्जेचं माप धरतात, म्हणून अधिक. मुलीने रसायनातलं उणे आठवलं आणि भौतिकातल्या अधिक आकड्याला लावलं. चिन्ह पाठ करायच्या भानगडीत पडूच नये. ‘परत मिळाले की खर्च झाले?’ एवढं विचारावं.

विहिरीच्या चित्रातून एक जास्तीची गोष्ट फुकट मिळते. आयनांची जोडी कठड्यापासून खाली उतरत येते, ती उदासीन अणूंच्या पायरीइतकी खाली कधी पोहोचते? १.४४ ÷ १.५३ = ०.९४ नॅनोमीटर. याहून दूर असताना दोन उदासीन अणू स्वस्त पडतात आणि सोडिअमचा इलेक्ट्रॉन सोडिअमपाशीच राहतो. याहून जवळ आले की देवाणघेवाण परवडते. म्हणजे ‘सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो’ हे शाळेतलं वाक्य अर्धं खरं आहे. एकटा सोडिअम अणू ५.१४ ईव्ही घेतल्याशिवाय इलेक्ट्रॉन सोडत नाही. क्लोरीन नॅनोमीटरच्या आत आला तरच सौदा होतो.

याचा पुरावा स्वयंपाकघरात रोज दिसतो. मिठाचा भात उतू गेला की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा, २.१ ईव्हीचा आणि तो सोडिअम आयनाचा नव्हे, उदासीन सोडिअम अणूचा असतो. ज्योतीत मीठ फुटतं ते पायरीवर येतं, कठड्यावर नाही.

४.५७ आणि ४.२५

बरोबर पद्धतीनेही ४.५७ आले, प्रयोग सुमारे ४.२५ सांगतो. ०.३२ ईव्ही कुठे गेले, हे वर्गात कुणीतरी विचारतंच आणि विचारायलाच हवं.

सूत्राने आयनांना बिंदू मानलं. बिंदूंना एकमेकांत शिरायला मज्जाव नाही, मग ते ०.२३६ वर का थांबतात? कारण आयनांना इलेक्ट्रॉनांची भरलेली कवचं आहेत आणि ती एकमेकांत घुसू लागली की जोरदार प्रतिकर्षण होतं. हे प्रतिकर्षण अंतर थोडं कमी झालं तरी झपाट्याने वाढतं. त्याची ऊर्जा अंतराच्या आठव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात धरली, तर समतोलाच्या जागी प्रतिकर्षणाची ऊर्जा आकर्षणाच्या आठव्या हिश्श्याएवढी निघते: ६.१० ÷ ८ = ०.७६ ईव्ही. तेवढा तळ वर उचलला जातो.

मग तूट ०.७६ ची हवी, ०.३२ चीच कशी? कारण आयन कडक गोळेही नाहीत. सोडिअमच्या अधिक प्रभाराने क्लोरीन आयनाचा मोठा, मऊ इलेक्ट्रॉन-ढग आपल्याकडे ओढला जातो. या ध्रुवणाने जोडी आणखी थोडी खाली उतरते आणि प्रतिकर्षणाने घेतलेल्यातलं बरंचसं परत येतं. याची खूण दुसरीकडेही मिळते. पूर्ण एकएक प्रभार ०.२३६ नॅनोमीटरवर असता तर रेणूचं द्विध्रुव आघूर्ण (प्रभार गुणिले अंतर, डिबाय या एककात) ११.३ डिबाय आलं असतं. मोजलेलं आहे सुमारे ९.

सेकंड पीयूच्या परीक्षेला एवढं लागत नाही. पण ‘सूत्र चुकीचं आहे का?’ या प्रश्नाला ‘अंदाजे असतं’ म्हणून गप्प बसवण्यापेक्षा हे सांगितलेलं बरं. एका ओळीच्या सूत्राने प्रयोगाच्या आकड्यापासून सात-आठ टक्क्यांच्या आत नेलं, हे काही थोडं नाही.

डब्यातलं मीठ

डब्यात मिठाचे सुटे रेणू नसतात, हे आणखी एका चुकीचं मूळ आहे. काही गाईडांत ‘मिठाच्या रेणूतलं’ अंतर ०.२८ नॅनोमीटर दिलेलं आढळतं. ते स्फटिकातलं आहे (०.२८२). आयनांच्या त्रिज्यांची बेरीजही, ०.१०२ अधिक ०.१८१, तिकडेच नेते. सुट्या रेणूत एकाच शेजाऱ्याची ओढ असल्याने आयन जवळ सरकतात, ०.२३६ वर. अंतर कुठलं आहे हे पाहिल्याशिवाय १.४४ ला भागायला घेऊ नये.

स्फटिकात एका आयनाला सहा विरुद्ध शेजारी, त्यापलीकडे बारा सजातीय, त्यापलीकडे आठ विरुद्ध, असं पसरत जातं. सगळ्यांची चिन्हासकट बेरीज केली की एका जोडीच्या ऊर्जेला १.७४७६ ने गुणल्यासारखं होतं. याला माडेलुंग स्थिरांक म्हणतात. १.४४ ÷ ०.२८२ = ५.११; गुणिले १.७४७६ = ८.९२ ईव्ही, सोडिअम-क्लोरीनच्या दर जोडीमागे. अंतर वाढलं तरी ऊर्जा सुट्या रेणूपेक्षा खोल गेली, म्हणून मीठ घन. प्रतिकर्षण वगैरे धरून प्रत्यक्ष आकडा ८.१६ ईव्हीच्या आसपास, मोलमागे ७८७ किलोजूल.

आणि इथे ती दुप्पटीची चूक पुन्हा दबा धरून बसलेली असते. प्रत्येक आयनापाशी बेरीज ८.९२ येते. एका मोलात सोडिअम आणि क्लोरीन मिळून आयन दोन मोल. मग दोनने गुणायचं? नाही, कारण प्रत्येक जोडी दोन्ही टोकांकडून मोजली गेली. दोनने गुणून दोनने भागायचं. पुस्तकं ही पायरी बहुतेक वेळा न लिहिताच पुढे जातात आणि ज्याला रेणूतलं दुप्पटीचं प्रकरण समजलेलं नाही तो इथे कायमचा अडकतो.

पाण्यात मात्र मीठ आयनांमध्येच सुटतं, उदासीन अणूंमध्ये नव्हे. पाण्यामुळे दोन प्रभारांमधली ओढ सुमारे ऐंशी पटींनी कमी होते: ५.११ ÷ ८० म्हणजे जेमतेम ०.०६ ईव्ही. चिकटलेल्या आयनांना हा भागाकार तंतोतंत लागू पडत नाही, मधे पाण्याचे रेणूच मावत नाहीत. पण अंदाज येतो. खोलीच्या तापमानाची उष्णताच ०.०२६ ईव्हीची धक्काबुक्की करत असते. शिवाय पाण्याचे रेणू आयनांना वेढून जी ऊर्जा देतात ती कठडाच खाली आणते.

पुन्हा घेतलेली चाचणी

पुढच्या आठवड्यात तीन प्रश्न दिले, तिन्ही दुप्पट मोजणाऱ्याला पकडणारे. प्रत्येकाच्या वर दोन ओळी सक्तीच्या: ऊर्जा कुणाची आणि शून्य कुठे.

पहिला, +२ आणि −२ चा. विभव व्होल्टमध्ये आणि ऊर्जा ईव्हीमध्ये, दोन्ही मागितलं. मुलीने दोन्ही बरोबर काढलं.

दुसरा, एका रेषेत क्लोरीन-सोडिअम-क्लोरीन, शेजाऱ्यांमधलं अंतर ०.२४ नॅनोमीटर. तीन आयन, तीन जोड्या: दोन आकर्षणाच्या, एक दुप्पट अंतरावरची प्रतिकर्षणाची. −६.० − ६.० + ३.० = −९.० ईव्ही. तिने बाजूला ताळाही करून पाहिला होता. आयननिहाय बेरीज: मधल्याची −१२, कडेच्यांची प्रत्येकी −३, एकूण −१८, त्याचं अर्धं −९. ‘अर्धं’ या शब्दाखाली दोन रेघा.

तिसरा, चौरसाच्या चार कोपऱ्यांवर एकाआड एक दोन सोडिअम आणि दोन क्लोरीन, बाजू ०.२५ नॅनोमीटर. एका बाजूची ऊर्जा १.४४ ÷ ०.२५ = ५.७६ ईव्ही. चार आयन, सहा जोड्या: चार बाजू आकर्षणाच्या, दोन कर्ण प्रतिकर्षणाचे. −४ + १.४१४ = −२.५८६, गुणिले ५.७६ = −१४.९ ईव्ही. तिचं उत्तर आलं −१९.०. दुप्पट नव्हतं, चिन्हही बरोबर होतं. जोड्यांची यादी तिने कागदावर उभी लिहिली होती: चार बाजू, त्याखाली सोडिअम-सोडिअम. क्लोरीन-क्लोरीनचा कर्ण यादीत नव्हता.